कथलाचं पातेलं

मागच्या कार्तिकात मी कुंभकोणमला गेले ती केतकीला माहेरी आणायला. केतकी माझी एकुलती एक मुलगी. तिला पाचवा महिना लागला होता. एप्रिलमध्ये एक पोटातच गेलं होतं, म्हणून हे दुसरं जपायचं होतं, आणि फोनवर तिचा आवाज आठवड्यागणिक बारीक होत चालला होता. पोटात कळा येतात, भूक लागत नाही, जिना चढला की धाप लागते, असं ती सांगायची. रक्ताचे रिपोर्ट आले की मला पाठवायची. सांगलीच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं रक्त तपासलं, तेव्हा रिपोर्ट माझ्याकडे येणं साहजिकच होतं. मी ते फोनवर मोठे करून बघायची आणि म्हणायची, हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या सोडू नकोस, खजूर खा. असं मी तीनदा म्हटलं. तीन महिने गोळ्या खाऊनही लोह अंगी लागत नाही म्हणजे काहीतरी वेगळं आहे, हे दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मला पहिल्याच महिन्यात सुचलं असतं.

यांचे गुडघे प्रवासाला नाही म्हणतात, म्हणून मी एकटीच निघाले. जाण्याचं एक तिकीट आणि परतीची दोन, अशी तयारी करून.

कुंभकोणम, सोमवार

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तंजावूर सोडलं की डोंगर नावाला उरत नाही. भाताची खाचरं, केळीच्या बागा, कालवे, पुन्हा खाचरं. आपल्याकडे पाऊस कोसळतो आणि निघून जातो. इथे नोव्हेंबरात तो पाहुण्यासारखा येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. मी उतरले तेव्हा स्टेशनापासून घरापर्यंत सगळं ओलं होतं. रिक्षाची गादी, भिंती, देवळांची गोपुरं, दारात वाळत घातलेली आणि तशीच विसरलेली लुगडी, सगळंच.

केतकीचं सासर महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत आहे. दोन मजली, नवा पिवळा रंग दिलेलं घर. मराठे राजांच्या वेळी यांचे पूर्वज दरबारात कारकुनी करायला आले, ते इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, उंबरा ओलांडला की तमिळ. त्यांची मराठी ऐकताना मला नेहमी जुन्या दप्तरातला कागद कुणी मोठ्याने वाचतंय असं वाटतं. माझे व्याही भीमराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. बेताचं बोलतात आणि दर दोन तासांनी कॉफी पितात. विहीणबाई तुळजाक्का, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला लागल्या की थांबायचं त्यांच्या लक्षात राहत नाही.

"या या, वाट सुखाची झाली कीं?" म्हणून त्यांनी माझी पिशवी ओढून घेतली. "हातपाय धुवा. काफी ठेवतें. तुम्ही मात्र आंत यायचें नाहीं हां. आणीक एक पातेलें वितळवाल."

हा टोमणा मला चिकटला होता तो आदल्या खेपेपासून. केतकीच्या लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणून त्याच वर्षी जानेवारीत मी तिळगूळ आणि हलव्याचे दागिने घेऊन इथे आले होते. या लोकांत चिंचेचं सार करायला एक वेगळं भांडं असतं. सगळंच्या सगळं कथलाचं. आपल्याकडे कथील म्हणजे कल्हई, पितळेला आतून दिलेला हात. इथे नुसत्या कथलाचं जाड पातेलं ओततात आणि सार त्यातच उकळतात, त्याशिवाय चव येत नाही म्हणतात. मला हे नवीन होतं. सकाळी लवकर उठून मदत करावी म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, ते सुबक पातेलं दिसलं, आणि आपल्या सवयीने फोडणीसाठी ते रिकामंच गॅसवर ठेवून तेलाचा डबा शोधायला वळले. आपण फोडणी आधी करतो, हे लोक शेवटी वरून घालतात. मी डबा घेऊन वळेपर्यंत पातेल्याचं बूड खाली बसलं होतं आणि शेगडीवरून चांदीसारखे थेंब ओघळत होते. ते पातेलं तुळजाक्कांच्या आईचं होतं.

त्या हसल्या होत्या. "जाऊं द्या, वस्तु ती," म्हणाल्या होत्या. पण मला चैन पडेना. दुपारी मी एकटीच बाजारात गेले आणि तसंच नवं पातेलं घेऊन आले. चार दुकानं हिंडून, सगळ्यात जड होतं ते. दुकानदार म्हणाला होता, जड म्हणजे अस्सल.

केतकी जिन्यातून खाली आली. मी तिला दहा महिन्यांनी बघत होते. ओठ पांढरे, डोळ्यांखाली राखेचा रंग. मी काही न बोलता तिची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली.

"आई, आल्या आल्या?" ती म्हणाली.

मंगळवार

केतकीच्या डॉक्टर कनकवल्ली म्हणजे पन्नाशीच्या, उंच, कपाळावर विभूती लावणाऱ्या बाई. त्यांचा लहानसा दवाखाना आहे आणि मागे दोन खोल्यांची प्रयोगशाळा. आम्ही इंग्रजीत बोललो. मी काय काम करत होते ते कळल्यावर त्यांनी मला सरळ मायक्रोस्कोपसमोर बसवलं. "काल स्लाइड करून ठेवली आहे. मला एक शंका आहे. तुम्ही बघा, मग बोलू."

मी बघितलं. लाल पेशी फिकट आणि लहान होत्या, ते अपेक्षितच होतं. पण कितीतरी पेशींत बारीक निळे ठिपके होते, कुणी शाईच्या टाकाने टोचल्यासारखे. नोकरीत मी ते काही वेळा पाहिले होते. बॅटरीच्या कारखान्यातला एक कामगार, भिंतीचा रंग खरवडून खाणारं एक मूल. मी मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला नाही, कारण उचलला तर बोलावं लागणार होतं.

"शिसं?" मी विचारलं.

"दुसरीही कारणं असू शकतात. पण पोटाच्या कळा, लोहाने फरक न पडणं, हे सगळं एकत्र बघता मला तेच वाटतं." त्यांनी रक्त चेन्नईला पाठवलं. उत्तर यायला तीन-चार दिवस लागणार होते. मग केतकीला विचारायला सुरुवात केली. कुंकू कुठलं? काजळ? घराला रंग दिला तेव्हा तू तिथे होतीस? काही वैदूचं औषध, चाटायचं लेहं, भस्म?

"अम्मा लेहं देतात रोज," केतकी म्हणाली. अम्मा म्हणजे तुळजाक्का.

इथे मला माझी लाज वाटते ते लिहिते. ते ऐकून मला बरं वाटलं. दोषी सापडला, आणि तो आमच्या बाजूचा नव्हता.

घरी गेल्यावर मी तुळजाक्कांच्या खोलीतल्या फडताळातल्या लेह्याच्या दोन बरण्या, भस्माची पुडी आणि कुंकवाचा करंडा असं सगळं एका पिशवीत भरलं. तपासायला पाठवायचं म्हणून सांगितलं. आवाज शक्य तितका गोड ठेवला होता. तुळजाक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि त्या बाई गप्प राहिलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

पट्टीश्वरम्, बुधवार

सकाळी त्यांनीच मला हाक मारली. पट्टीश्वरमच्या दुर्गेला केतकीसाठी दिवे लावायचा नवस त्या कधीच्याच बोलल्या होत्या. "तुम्ही आल्यावरी जावें म्हणून राहिलें होतें. चला."

बसने अर्ध्या तासाच्या आतच पोचलो. दोन्ही बाजूंना पाण्यात बुडालेली शेतं, मधे बगळे. देवळाबाहेर बायका लिंबं विकत बसल्या होत्या. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळून टाकायचा, साल उलटी करून वाटी करायची आणि तिच्यात तूप-वात घालायची. तुळजाक्कांचे हात हे काम न बघता करत होते. माझ्या दोन वाट्या फाटल्या. तिसरी त्यांनी करून दिली. दुर्गेची मूर्ती उंच आहे, नऊवारी लुगड्यासारखं नेसवलेली, आणि समोर इतक्या बायका इतके दिवे लावत होत्या की डोळ्यांची आग झाली. प्रत्येकीचं काही ना काही अडलेलं असणार.

बाहेर येऊन ओल्या पायरीवर बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "एक पुसतें. माझ्या हातचें खाऊनि ती आजारी झाली, असें तुम्हांसि वाटतें कीं?"

"तसं नाही हो अक्का. तपासायचं म्हणून तपासायचं," मी म्हटलं.

"लेहें माझ्या सासूचें. मी दोघां लेंकरांच्या वेळीं तेंच खाल्लें. तुमच्या जांवयाच्या वेळीं, आणि मुलीच्या वेळीं." त्या पदराने हात पुसत राहिल्या. "तरी असेल. मज काय कळतें. असेल तर सांगा. लपवूं नका."

मला त्या क्षणी त्यांची कीव आली, आणि आपण मोठ्या मनाने वागतो आहोत असंही वाटलं.

परत आलो तेव्हा एक वाजून गेला होता. भीमराव जेवून पडले होते, जावई मुरली तंजावूरला बँकेत. केतकी स्वयंपाकघरात उभी होती, आणि तुळजाक्का पाय धुवायला मागे गेल्या म्हणून या खेपेला प्रथमच मी आत पाऊल टाकलं. केतकी कथलाच्या पातेल्यातून मोठा पेला भरून सार घेत होती. तिने तो उभ्या उभ्या पिऊन संपवला आणि दुसरा भरला.

"इतकं?" मी म्हटलं.

"हेच एक पोटात राहतं, आई. उलट्या होत होत्या तेव्हापासून. सकाळी एक, दुपारी दोन, रात्री झोपताना एक. अम्मा गंमत करतात, म्हणतात बाळ चिंचेचं होणार." ती जरा हसली. "आणि तू दिलेल्या पातेल्यातलं गोडसर लागतं. अम्मांच्या बहिणीकडच्या साराला ही चव नाही."

मी पातेल्याकडे बघितलं. आतून ते चमकत नव्हतं. काळसर, मऊ दिसत होतं, उकळीच्या रेषेखाली खरबरीत झालेलं. मी केतकीच्या हातातला पेला काढून मोरीत ओतला. ती बघत राहिली. मी पातेलं रिकामं केलं, पुसलं, ओट्यावर पडलेला वर्तमानपत्राचा कोरा कडेचा तुकडा घेतला आणि त्यावर पातेल्याची कड घासली. कागदावर पेन्सिलीसारखी काळी रेघ उमटली. कथील अशी रेघ ओढत नाही. शिसं ओढतं.

कॉलेजात धातूंच्या क्रियाशीलतेची यादी आम्ही पाठ केली होती. सोडियम वर, पाण्यात पडला की नाचतो, पेटतो, म्हणून त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात आणि सगळे त्याला भिऊन असतात. शिसं खाली, हायड्रोजनच्या जरासं वर. पाण्यात टाकलं तर निमूट पडून राहतं. 'कमी क्रियाशील' असं लिहून मी त्याचे गुणही मिळवले होते. चिंचेच्या आंबटात दहा मिनिटं उकळलं की ते तसंच निमूटपणे साराबरोबर पेल्यात येतं, आणि त्याचे क्षार चवीला गोड असतात, हे काही मला माहीत नव्हतं असं नाही. जड म्हणजे अस्सल, असं दुकानदार म्हणाला होता. शिसं कथलापेक्षा जड असतं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी.

"आई, काय झालं?" केतकीने विचारलं.

"उद्या सांगते," मी म्हटलं. मला सांगायला तोंड नव्हतं.

दारासुरम्, गुरुवार

सकाळी मी भीमरावांना तेवढंच म्हटलं, पातेलं तपासायचं आहे, कुठे तपासता येईल. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. स्कूटर काढली, पातेलं पिशवीत घालून माझ्या मांडीवर दिलं. बाजारात सोन्याचा कस पाहणारी दुकानं आहेत. दागिना एका पेटीत ठेवला की यंत्र त्यावर किरण टाकतं आणि कुठला धातू किती ते पडद्यावर दाखवतं. दुकानातल्या माणसाने पातेलं बघून भुवया उंचावल्या, पण कड पेटीत बसवली. पडद्यावर आकडे आले. त्याने भीमरावांना तमिळमध्ये काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"निम्मे म्हणतो," भीमराव म्हणाले. "निम्मे जवळ जवळ शिसें."

पिशवी घेऊन आम्ही बाहेर आलो. त्यांनी स्कूटर घराकडे वळवली नाही. दारासुरम् जवळच, गावाच्या कडेलाच. गल्लीत घराघरातून मागाचा आवाज येत होता, ओसरीवर रेशमाच्या लडी टांगलेल्या, पावसाने त्यांचा रंग आणखी गडद झालेला. तिथल्या जुन्या शिवाच्या देवळात आम्हां दोघांखेरीज कुणी नव्हतं. आवारात पाणी साचलं होतं. रथासारख्या कोरलेल्या मंडपाच्या दगडी चाकाशी, छपराखाली आम्ही बसलो. एरवी या देवळाबद्दल दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी मी फक्त पाण्यावर पडणारे थेंब बघितले.

"मज ठाऊक होतें," भीमराव म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कथील घेतांना आमच्यांत एक रीत आहे. कड कानाशीं धरूनि अंगठ्यानें दाबावी. खरें कथील असेल तर तें करकरतें, बारीक रडल्यासारिखें. शिसें मिसळलें कीं तें मुकें होतें. माझी आई दुकानांत बसूनि चार-चार पातेलीं दाबून पाही. तुम्ही पातेलें दिलें त्या सांजेस मी दाबूनि पाहिलें. करकरलें नाहीं."

"मग बोलला का नाही?"

"विहिणीची भेट. दिलेली वस्तु कानाशीं लावूनि पाहणें, हीच मोठी चूक झाली माझी. त्यावरी तुम्हांसि सांगूं काय, कीं बाई, तुम्ही खोटें आणिलें? आधीं एक पातेलें गेलें म्हणून तुम्ही इतक्या कष्टी. मनांत म्हटलें, जरासें मिसळलें असेल. थोडे दिवस वापरूं, मग हळूच बाजूस ठेवूं. मग विसरलों." त्यांनी चष्मा काढला. "मज आंबट सोसत नाहीं. मी तें सार खात नाहीं. म्हणून विसरलों."

मला त्यांच्यावर भयंकर राग आला. दहा महिने हा माणूस जेवायला बसत होता आणि समोर माझी मुलगी पेले भरून पीत होती. मी तसं बोलूनही दाखवलं, चांगल्या कडक शब्दांत. ते ऐकून घेत राहिले. पण बोलता बोलताच मला दिसलं की शिसं आणलं मी, लोहाच्या गोळ्या आणि खजूर सांगत बसले मी, आणि मंगळवारी त्यांच्या बायकोचं फडताळ उपसलं तेही मीच.

"अक्कांना सांगितलंत?" मी विचारलं.

"नाहीं."

"सांगा. आजच सांगा. मी केतकीला सांगते."

कुंभकोणम, गुरुवार संध्याकाळ ते शनिवार

केतकीची खोली वरती आहे. खिडकीतून तळ्याचा एक कोपरा दिसतो. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं, दुकानापासून यंत्रापर्यंत. तिने विचारलं, "शिसं बाळापर्यंत जातं?"

"जातं."

मला जे ठाऊक होतं ते मी लपवलं नाही. संशोधनातून आता हे पक्कं झालं आहे की शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. शिसं हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं. गरोदरपणात बाळासाठी हाडातून कॅल्शियम निघतं तेव्हा शिसंही त्याच्याबरोबर निघतं. यापेक्षा कमी असलं तर चालेल अशी पातळी कुणाला सापडलेली नाही. आज सार बंद केलं तरी हाडातलं राहणारच. आणि जन्मताना बाळ बहुधा छानच दिसेल. परिणाम झाला असला तर तो कळेल चालताना, बोलताना, शाळेत अक्षरं लावताना.

"म्हणजे कळायला सहा-सात वर्षं."

"हो."

ती खिडकीकडे वळून म्हणाली, "आणि ते एप्रिलमधलं?"

जानेवारी ते एप्रिल. हे महिने मी आदल्या दुपारपासून बोटांवर मोजत होते. "सांगता येत नाही," मी म्हटलं.

"सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"

"खरंच सांगता येत नाही गं. अशी इतर शंभर कारणांनीही जातात."

तिने मान डोलावली. रडली नाही. मला वाटलं, रडली असती तर मला तिला जवळ घेता आलं असतं.

खाली तुळजाक्कांना कळलं होतं. त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मोठ्याने रडत होत्या. मला बघून उठल्या. मी त्यांची माफी मागायचं ठरवून आले होते, वाक्यं जुळवली होती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुम्ही दिलेलें म्हणून मीच तिला म्हणत असें, आईच्या पातेल्यांतलें घे गे, बरें वाटेल." ते ऐकल्यावर माझी वाक्यं उपयोगाची उरली नाहीत. लेह्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

शुक्रवारी चेन्नईहून आकडा आला. तो वाईट होता. घरातल्या बाकीच्यांचंही रक्त घेतलं. त्यांच्यात कमी निघालं असं मागाहून कळलं, तेवढं सार कुणीच पीत नव्हतं. डॉक्टर कनकवल्लींनी शांतपणे सांगितलं, शिसं ओढून काढायची औषधं पोटात बाळ असताना सहसा देत नाहीत. हा आकडा जिथे ती द्यावीच लागतात तिथवर गेलेला नाही. कॅल्शियम, लोह, दर पंधरा दिवसांनी तपासणी, आणि वाट बघायची. त्यांनी पातेल्याचं प्रकरण अन्न तपासणीच्या कचेरीला कळवलं. मी दुकान दाखवायला गेले, तर तिथे आता मोबाईलची कव्हरं विकत होते.

शनिवारी सकाळी माझी गाडी होती. दोन तिकिटं. शुक्रवारी रात्रीची जेवणं झाल्यावर मी केतकीची बॅग काढली आणि तिच्या साड्यांना हात घातला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच. त्यांच्यातही तेच आहे. यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"आई, मी येत नाही," केतकी म्हणाली.

"डॉक्टर तिथेही आहेत. मोठं इस्पितळ आहे. शिवाय मी आहे, मला यातलं कळतं. तुझ्यावर नीट लक्ष राहील."

"म्हणूनच." ती पलंगाच्या कडेला बसली. "तू रोज माझी पापणी ओढून बघशील. आणि तुला वाईट वाटू नये म्हणून मी रोज बरी आहे म्हणेन. मला ते जमणार नाही. अम्मा माझ्यासमोर रडतात आणि मग जेवायला वाढतात. ते मला सोपं जातं."

"माझ्यावर रागावलीस?"

तिने विचार केला. तिची ही सवय लहानपणापासूनची, काही विचारलं की खरं उत्तर शोधायची. "अजून माहीत नाही," ती म्हणाली. मी साड्या परत कपाटात ठेवल्या. तिने मला घड्या घालायला मदत केली.

सकाळी स्टेशनावर भीमराव आणि मुरली आले होते. पाऊस होताच. तुळजाक्कांनी दहीभाताचा डबा आणि केळीच्या पानात बांधलेला मोगरा दिला होता. मुरलीने बॅग वर ठेवली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर माझी छत्री. तंजावूरपर्यंत ती सीट तशीच होती, मग एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले आणि झोपले.

सांगली

हे सगळं मी आता लिहिते आहे, कारण कुंभकोणम कसं आहे म्हणून विचारणारे पुष्कळ भेटतात आणि मी देवळांबद्दल सांगून विषय बदलते. मार्चअखेर केतकी तिथेच बाळंत झाली. मुलगी आहे. वजन बरं आहे, रंग भीमरावांवर गेला आहे. नाळेतलं रक्त तपासायला दिलं होतं, त्याचा रिपोर्ट आला एवढं मुरलीकडून कळलं. केतकीने तो मला पाठवला नाही, आणि मी मागितला नाही.

ती रविवारी फोन लावते आणि बाळाला समोर धरते. मी इकडून खुळखुळा वाजवते. बाळ मान वळवतं का, कुठल्या बाजूला वळवतं, वळवायला किती वेळ लागतो, हे मी बघत असते. परवा मी तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा केतकीने फोन स्वतःकडे वळवला. रागावलेली नव्हती, थकलेली होती.

"आई, तिला तपासू नकोस गं," ती म्हणाली. "नुसती बघ."

मी हो म्हटलं आणि खुळखुळा टेबलावर ठेवला. तिने पुन्हा बाळाला समोर धरलं. बाळ माझ्याकडे बघत होतं, किंवा माझ्या मागच्या खिडकीकडे, आणि मी तिथे बसून होते. नुसतं कसं बघायचं ते मला येत नव्हतं.